गाळलेले आवाज

घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेल्या पेशंटांसाठी ती हेल्पलाइन होती. तिसरा मजला, बारा टेबलं, आणि ऊन स्क्रीनवर पडू नये म्हणून खिडक्यांना चिकटवलेले खोक्यांचे पुठ्ठे. पाच नंबरच्या टेबलावर ठकी बसायची. वय तेवीस. ठकी हे आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. ऑफिसात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन करणारा आधीच घाबरलेला असतो, त्यात घेणाऱ्याचं बोलणं कळेना तर पंचाईत. म्हणून कंपनीनं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. इथून कुणी कसंही बोलो, पलीकडे एकजात गुळगुळीत आवाज जायचा. खोकला, खुर्चीची करकर, सगळं गाळून. पोरं त्याला इस्त्री म्हणायची. ठकीचा तर इस्त्रीवर भारी जीव. शाळेत तिनं तोंड उघडलं रे उघडलं की अख्खा वर्ग तिच्या जमातीच्या हेलात तिची नक्कल करायचा. तेव्हा पोरीनं घरची बोली जी टाकली, ती टाकलीच. आई बोलीत विचारायची, ही शाळेच्या भाषेत उत्तर द्यायची. आई त्यावरून कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, ती अशाच मशीनवर. तोंडावर मास्क, त्यामुळे बोलणं बंद. शेवटचे आठ दिवस ती पलंगाच्या कडेवर दोन बोटांनी वाजवायची. टक टक. ठकी धावायची. पाणी आण, उशी बदल, पांघरूण घाल. आई नुसती मान हलवायची, आणि पुन्हा टक टक. आईला काय हवं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते ठकीच्या जिवाला लागून राहिलं होतं.

मंगळवारी दुपारी सव्वादोनला एका म्हाताऱ्याचा फोन आला. मागे मशीनचा भोंगा कोकलत होता. म्हातारा बोलत होता ती ठकीच्याच घरची बोली. इस्त्रीनं लाल पट्टी दाखवली, ‘भाषा ओळखता आली नाही’, आणि मुकाट्यानं बंद झाली.

ठकीला कळत सगळं होतं. बायकोचे ओठ निळे पडलेत, म्हणत होता. काय सांगायचं ते ठकीला पाठ होतं, पण बोलीतला एक शब्द जिभेवर येईना. अगं, मोडकंतोडकं तरी बोल! ओठ हलले, आवाज काही फुटला नाही.

पलीकडे म्हातारा मात्र हळूहळू शांत होत गेला.

“हो, बघतो,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “सापडलं. पलंगाच्या पायाखाली दबलीय नळी.”

भोंगा थांबला. म्हातारा रडला, मग हसला, मग त्यानं फोनवरच बोटांनी वाजवलं. टक टक.

चार मिनिटं चाळीस सेकंद. ठकी एक अक्षर बोलली नव्हती.

तासाभरात सुपरवायझरनं काचेच्या खोलीत बोलावलं. ठकीला वाटलं, गेली नोकरी. हा तर खुशीत!

“छुपा रुस्तम निघालीस की! ही बोली कुठं लपवली होतीस?” त्यानं रेकॉर्डिंग लावलं. “आवाज जरा पोक्त येतो तुझा.”

बाईचा आवाज. सावकाश. घाबरू नको, नळी हातात घे, मशीनपासून तिच्या नाकापर्यंत चाचपत ये. प्रत्येक वाक्याआधी जिभेनं ‘च्च’ करायची सवय. ठकीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तो ‘च्च’ तिनं एकाच बाईच्या तोंडून ऐकला होता.

शेवटी म्हाताऱ्याची टक टक. आणि त्यावर, अगदी जवळून, दुसरी.

“हेडसेट बदलून घे,” सुपरवायझर म्हणाला. “काहीतरी वाजतंय त्यात.”

दुसऱ्या दिवशी पेशंटची चौकशी करायची, असा तिथला नियम. ठकीनं आपल्या हातानं इस्त्री बंद केली आणि फोन लावला. अडखळत, चुकत, बोलीत.

“आजी कशा आहेत?”

“बसून जेवली! तुझ्यामुळं, पोरी.”

“आजोबा, ते टक टक कशाचं असतं?”

“घरात कुणी सांगितलं नाही होय तुला? बोलवेना झालं की आपली जुनी माणसं वाजवायची. म्हणजे सगळं मिळालं, तू दमलीस, आता बैस.”

“काही मागत नाहीत त्यात?”

“छे गं! आभारच ते.”

फोन ठेवून ठकी भर ऑफिसात रडली. आठ दिवस आई आभार मानत होती, आणि ही वेडी उशा बदलत बसली होती! केवढं ओझं उतरलं जिवावरचं.

मग तिला ती टक टक पुन्हा ऐकावीशी वाटली. इस्त्री गाळलेल्या आवाजांची नोंद ठेवायची; तिनं आपल्या टेबलाची ती यादी उघडली. खोकला, गाळला. खुर्ची, गाळला. टक टक, गाळला. ती मागे मागे जात राहिली. आठ महिने, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्येक फोनच्या शेवटी.

हेडसेट टेबलावर होता, वायर काढलेली. ठकीचे दोन्ही हात मांडीवर होते.

“आई, मलाही सगळं मिळालं गं,” ती बोलीत म्हणाली.

यादीत एक नवी ओळ आली. टक टक. पुढचा रकाना रिकामा, ‘गाळला’ नाही.

सहा नंबरच्या मुलीनं मान वर केली.

“कोण वाजवतंय गं?”