राहून गेलेली लस

थोरलीने हात पुढे केले, आणि तापाने फणफणलेल्या धाकटीने बाळ झटकन छातीशी ओढून घेतले...

"दे माझ्याकडे. मी लस टोचून आणते."

"नको. मला बरं वाटलं की मीच नेईन."

दोन वर्षे दोघींत असाच दुरावा होता. एकाच ओट्याशी दोघी जावा राबायच्या, पण धाकटीच्या बाळाला हात लावण्याचा हक्क थोरलीने गमावला होता.

धाकटीची पहिली मुलगी पाच महिन्यांची असताना गेली. आधी थोरलीच्या लेकीला गोवर निघाला, तिच्याकडून तो तान्हीला झाला. लेक खडखडीत बरी झाली, तान्ही वाचली नाही. इतक्या लहान जिवाला गोवराची लस देत नाहीत, ती मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर घरातल्या इतर मुलांनी ती घेतलेली असणे, एवढाच त्या जिवाचा आधार. आणि थोरलीच्या लेकीची लस राहून गेली होती. शेवटी शेवटी तान्हीला रडायचेही त्राण उरले नव्हते. तोंड उघडायची, पण आवाज फुटायचा नाही.

"पोरीला एक सुई टोचून आणायला तुम्हाला सवड झाली नाही," धाकटी तेव्हा म्हणाली होती. थोरलीने सगळे मुकाट्याने पोटात घातले होते.

आज मात्र ती हटेना. "तुला उभं राहवत नाहीये. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणता राहूनच जातं गं."

"हे तुम्ही मला शिकवणार?"

थोरलीची मान खाली गेली. बोलल्या त्या कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई. "पुरे झालं आता. हिच्या लेकीच्या लसीचा दिवस होता, तेव्हाच तुला कळा सुरू झाल्या. लेकीला माझ्याकडे टाकून ही तुझ्याबरोबर दवाखान्यात धावली. तुझं रक्त थांबेना, तर तुझ्या उशापासून हलली नाही. लस राहिली ती अशी."

"आई, तुम्हाला शपथ घातली होती ना मी..." थोरलीने त्यांना अडवले.

धाकटीने थोरलीकडे पाहिले. "म्हणजे माझ्यामुळे..."

"हेच तुझ्या मनात यायला नको होतं," थोरली म्हणाली. "तुझ्यामुळे नाही. तू घरी आल्यावर नेता आलं असतं, मीच आज-उद्या करत राहिले. तो दोष माझा आहे, माझ्याकडेच राहू दे."

मग धाकटीने बाळाचे टोपडे नीट केले, आणि त्याला थोरलीच्या हातांत ठेवले.

दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "घट्ट धरा हं," आणि सुई टोचली. बाळाने टाहो फोडला. "अहो, टोचलं त्याला, रडताय तुम्ही," परिचारिका हसली. त्या ऊबदार ओझ्याला उराशी धरून थोरली घराकडे निघाली, आणि बाळ वाटभर रडत राहिले.

धाकटी भिंतीचा आधार घेत दारात येऊन उभी होती.

"फार रडलं का, ताई?" कितीतरी दिवसांनी तिने ताई म्हटले होते.

"खूप रडलं गं... अगदी मोठ्यांदा रडलं."

धाकटीला कोणाची आठवण झाली, ते थोरलीला सांगावे लागले नाही. तिने एका हाताने बाळ सांभाळले, आणि दुसऱ्या हाताने जावेला जवळ घेतले.