वरची ओळ

जेवणं झाल्यावर तिघं गच्चीवर आली होती. महेश्वरकाकांनी ताकाचा पेला कठड्यावर ठेवला. शिवकुमार मघापासून आपल्या गाडीचंच सांगत होता. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून बाहेरचा बसवला, मॅप नेटवरून उतरवला, गाडी कशी उचलते बघा.

"काका, याला तुम्हीच सांगा," काव्या म्हणाली. "माझं ऐकत नाही. म्हणतो, तुला स्कूटीच्या पुढे काय कळतं."

"मॅप मोजून घेतलास?" काकांनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? सगळे हाच घालतात. बाकीचं अंदाजानं."

काकांनी पेला उचलून ताक संपवलं. मग म्हणाले, "झोप आली नसेल तर बसा. माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानाला लागून ईश्वरप्पाचं गॅरेज आहे. त्याच्यावर आलेलं सांगतो. हे त्यानं घराबाहेर माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही."

आणि ते सांगू लागले.

इंजिनात किती पेट्रोल सोडायचं, हे ईसीयू एका तक्त्यात बघून ठरवतो. तो तक्ता म्हणजे मॅप. अॅक्सिलरेटर थोडा दाबला की खालच्या ओळी लागतात, पूर्ण दाबला की सगळ्यात वरची. एकेका चौकोनात एकेक आकडा. वरच्या ओळीतला आकडा कमी पडला तर भरधाव गाडीला पेट्रोल पुरत नाही आणि आत पिस्टन वितळतो. मोठ्या शहरात गाडी रोलरवर चढवून हे मोजतात. ईश्वरप्पा रस्त्यावर मोजायचा. त्याला दोन माणसं लागतात. एक चालवणार, दुसरा शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणार.

चालवायचा त्याचा मुलगा, शिवराज. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर, आणि इंजिनाचे फेरे एका जागी थांबवून ठेवायचे. ईश्वरप्पा म्हणायचा, "धर." पोरगा म्हणायचा, "धरलंय, अप्पा." आकडा दुरुस्त झाला की ईश्वरप्पा स्पेसबार दाबायचा, त्यानं लॉगवर, म्हणजे लॅपटॉपवर होत जाणाऱ्या नोंदीच्या आलेखावर, खुणेची उभी रेघ उमटते, आणि म्हणायचा, "सोड." त्याच क्षणी पाय वर. शिवराजच्या पायाची रेघ लॉगवर पट्टीनं आखल्यासारखी यायची. तशी रेघ दुसऱ्या कुणाची ईश्वरप्पानं पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी, येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या संध्याकाळी, दोघं शिवराजच्याच गाडीचं काम करत होते. सगळं मोजून झालं, वरची ओळ राहिली. घरी त्याची बायको, शिवलीलावहिनी, भज्जी आणि आंबिलाच्या तयारीत, पाहुणे आलेले, दोनदा फोन येऊन गेला. शिवराज म्हणाला, "अप्पा, वरची ओळ मोजून घेऊ या." ईश्वरप्पा म्हणाला, "भरतो अंदाजानं. चल, लोक जेवायचे थांबलेत."

त्याच रात्री पाहुण्यांना सोडून परत येताना रिकामा रस्ता दिसला, आणि पोरानं पाय पूर्ण दाबला. इंजिन सीझ झालं, आतून जाम. चाकं जागीच धरली, आणि पोरगा गेला.

पोलिसांच्या कागदावर टायर फुटला असं लिहिलं गेलं. ईश्वरप्पानं गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, पिस्टन पाहिला, परत बंद केलं. शिवलीलावहिनींनाही सांगितलं नाही. वर्षभर तो जेवत होता, झोपत होता, गॅरेज उघडत होता. कुणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायचा. मॅपच्या कामाला मात्र हात लावला नाही.

मग मोहोळचा बिरुदेव आला. पंचविशीतला. रविवारी शर्यत होती, आणि गाडीला शिवराजच्या गाडीसारखंच इंजिन. "तुमच्याशिवाय कोन करनार, आप्पा?" म्हणून तीन दिवस गॅरेजच्या पायरीवर बसला. ईश्वरप्पा नाही म्हणता म्हणता हो म्हणाला.

मागच्या डिसेंबरची अठरा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी येळवस. दिवसा रस्ता मोकळा मिळत नाही, म्हणून दोघं रात्री साडेअकराला केगावकडून बायपासला लागले. बिरुदेव चालवत होता.

"धर."

"धरलं की!"

लॉगवर करवतीचे दात. खालच्या ओळी कशाबशा झाल्या. वरच्या ओळीला त्याचा पाय थरथरायला लागला. एकदा, दोनदा, सहादा करून पाहिलं. पावणेदोनला त्यानं ढाब्यासमोर गाडी बाजूला घेतली, बंद केली, किल्ली खिशात टाकली.

"पाय भरून आलाय, आप्पा. च्या घेऊन येतो. वरची तेवढी ओळ अंदाजानं भरा की. तुमचा अंदाज म्हंजे लई झालं."

तो रस्ता ओलांडून गेला.

ईश्वरप्पा डाव्या सीटवर बसून राहिला. मांडीवर लॅपटॉप. किल्ली निघाली की ईसीयू मरतो, पडद्यावर सेन्सरचे सगळे आकडे शून्य होतात. तसे ते झाले होते. वरच्या ओळीत नऊ चौकोन रिकामे. कुणाला कळणार नव्हतं. त्यालाही विशेष काही वाटत नव्हतं. बोटं आपोआप गेली. पहिल्या चौकोनात त्यानं अंदाजाचा आकडा टाकला.

पडद्यावरचा ठिपका हलला.

इंजिन ज्या चौकोनावर चाललेलं असतं, तिथं तो ठिपका असतो. इंजिन तर बंद होतं.

ठिपका खालून वर आला. एकेक ओळ चढत. वरच्या ओळीच्या पहिल्या चौकोनावर आला… आणि थांबला.

आवाज नाही. गाडी हलत नव्हती. उजवी सीट रिकामी. समोर ढाब्याच्या दिव्याखाली बिरुदेवची पाठ दिसत होती.

सेन्सरचा आकडा आला. पेट्रोल कमी पडतंय. त्याचा अंदाज चुकला होता. वर्षापूर्वीसारखाच. तेवढ्यानंच.

ईश्वरप्पा घाबरला नाही, असं तो म्हणतो. त्यानं आकडा वाढवला. थोडा. आणखी थोडा. बरोबर आला.

ठिपका पुढच्या चौकोनावर गेला.

थांबला.

"धर," ईश्वरप्पा म्हणाला. सवयीनं.

ठिपका तसूभर हलला नाही…

दुसरा झाला. तिसरा. पाचवा. त्यानं उजवीकडे बघितलं नाही. मान वळत नव्हती असं नाही. बघितलं नाही.

आठवा.

नववा. आकडा बरोबर आला. काम संपलं होतं. ठिपका तिथंच. वाट बघत. ईश्वरप्पाचं बोट स्पेसबारवर होतं. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. सोड म्हणायचं तेवढं बाकी होतं. पण पूर्ण दाबलेल्या पायावर इंजिन जास्त वेळ ठेवायचं नसतं. हे त्यानंच पोराला शिकवलं होतं.

त्यानं बोट दाबलं.

"सोड."

…

बिरुदेवनं काच वाजवली. हातात चहाचा ग्लास. "आप्पा, चांगलाच उशीर केला बगा मी. झालं व्हय? अंदाजानंच ना?"

"नाही," ईश्वरप्पा म्हणाला. "मोजून."

बिरुदेव हसला. किल्ली त्याच्या खिशात होती.

रविवारी गाडी दिवसभर पळली. बिरुदेव संध्याकाळी पेढे घेऊन आला. त्याच रात्री ईश्वरप्पानं शिवलीलावहिनींना समोर बसवलं आणि वितळलेल्या पिस्टनचं सगळं सांगितलं. त्या काय म्हणाल्या, ते काकांनाही ठाऊक नाही.

काका थांबले. खाली कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"स्वप्न पडलं असेल," शिवकुमार म्हणाला. आवाज मघासारखा नव्हता. "दमलेला माणूस…"

काकांनी खिशातून मोबाइल काढला, एक फोटो मोठा केला आणि दोघांच्या मध्ये धरला. त्या रात्रीचा लॉग. कोपऱ्यात वेळ होती, दोन वाजून चार मिनिटं.

खाली फेऱ्यांची रेघ. वर पायाची. दोन्ही पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"ही सोडची खूण ना?" काव्यानं शेवटच्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. "मग पायाची रेघ इथं खाली यायला हवी."

"हवी," काका म्हणाले. "शिवराजनं कधीच एक क्षणही उशीर केला नव्हता."

काव्यानं बोटानं फोटो पुढं सरकवला.

उभ्या रेघेच्या पुढं अकरा सेकंद ती रेघ तशीच चालली होती. सरळ. पाय न उचलता.

मग पडली.