काठावरच्या चपला

हेडफोन सारखे करून पुतणीने तेवढाच भाग पुन्हा लावला. धाकटे काका नदीत बुडाले त्या दिवसाची आठवण: आधी आत्याचा आवाज, मग थोरल्या काकांचा.

"चपला काठावर जोडीनं ठेवलेल्या, टोकं पाण्याकडे."

शब्दाला शब्द तोच. घरातल्या जुन्या गोष्टी ती हौसेने रेकॉर्ड करत होती. पण कोर्टात साक्षी टाइप करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. दोघांच्या तोंडी हुबेहूब एकच वाक्य आलं, की ते पढवलेलं असतं.

ती तडक आत्याकडे गेली. आत्या मशीनवर सदरा शिवत होती.

"आत्या, धाकटे काका बुडाले तेव्हा चपला तू पाहिल्यास?"

"छे गं! दादानंच सांगितलं. माझं लग्न महिन्यावर आलेलं, मला बाहेर कोण सोडतंय?"

"आणि प्रेत?"

"मिळालंच नाही." आत्याने दोरा तोडला. "डावखुरा होता. अक्षर कसं मोत्यासारखं! शेवटी शेवटी मात्र भिंतीशी बोलायचा."

"हा सदरा कुणाचा?"

"दादाच्या ओळखीतला कुणी गरजू आहे. वर्षाला दोन शिवते. खिसा तेवढा उजवीकडे लागतो त्याला."

संध्याकाळी थोरले काका सदरा न्यायला आले, तेव्हा पुतणी तिथेच बसून होती.

"काका, सदरा कुणाला?"

"आहे एक."

"नाव?"

"घरातच कोर्ट भरवलंस की काय?" काका हसले. ती हसली नाही.

"खिसा उजवीकडे कोण मागतो, काका? डाव्या हातानं पेन काढणारा. चपला तुमच्याशिवाय कुणी पाहिल्या नाहीत. प्रेत मिळालं नाही. भाऊ भिंतीशी बोलत होता आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. तुम्ही त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंत, आणि घरी नदीची गोष्ट सांगितलीत."

मशीन थांबलं.

काका बहिणीकडे न बघता म्हणाले, "लग्न मोडलं असतं तिचं. वाटलं, दोन महिन्यांत बरा होईल. नाही झाला. मग मेला म्हणून सांगितलेल्याला घरी कसा आणू?"

"एक्केचाळीस वर्षं रडले मी त्याच्यासाठी," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस, दादा. मला विचारलं नव्हतंस."

तिने पदराने डोळे पुसले आणि ती उठली. "कुठं आहे तो? आत्ता ने मला."

"तो तुला ओळखणार नाही गं."

"मग मी सांगेन त्याला, मी कोण ते," आत्या म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांगेन."