पाण्याखालचं माहेर

बारामतीला दवाखान्यात जायचं म्हटलं की प्रयागबाई आदल्या दिवसापासून कुरकुरायच्या. पण हल्ली उलटंच झालं होतं. सकाळी उठून आंघोळ, चापूनचोपून लुगडं, आणि "श्रेये, आवर की गं, यष्टी जाईल" असा नातीमागं धोशा. जशी काही म्हातारी माहेरालाच निघालीय! आणि खोटं कशाला बोला, ती माहेरालाच निघायची.

त्याचं असं झालं. छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी श्वास शांत करायचा व्यायाम दिला होता. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, छातीला पट्टा. चष्म्यात एक घर दिसायचं. जीव घाबरला की घरात अंधार पडायचा, ठोके संथ झाले की उजेड. श्रेया त्याच दवाखान्यात संगणकाचं बघायची. तिनं आजीला विचारून विचारून आजीचंच घर रचलं, जुन्या पळसदेवातलं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. सारवलेली जमीन, चूल, कोनाडा, दारातला लिंब. माणसं तेवढी टाकली नव्हती.

पण प्रयागबाई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात.

"आत जा की, आजी."

"अगं, माहेरवाशीण हाय मी! भाकरतुकडा ओवाळून टाकल्याबिगर आत जात्यात व्हय?"

श्रेयाला हसू आलं. तिथं ओवाळायला कोण येणार? बाई आपल्या रोज उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, डोळे भरून घर बघायच्या आणि परत यायच्या.

मनात एकच सल होता. आई गेली तेव्हा त्या एवढुशा होत्या. फोटो नाही, काही नाही. आईचे हात आठवायचे, काकणांची किणकिण आठवायची, तोंड काही केल्या आठवायचं नाही. लग्नानंतर दारात भाकरतुकडा ओवाळला तोही चुलतीनं. मरायच्या आधी एकदा ते तोंड बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्या दुपारी ठोके संथ झाले, घर उजळलं, आणि चुलीपुढं कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप… थप… मग गोवरीच्या धुराचा वास आला. आता चष्म्यात वास कुठून यायचा?

"आई…?"

काळीज लक्कन हललं आणि घर काळोखात बुडालं. प्रयागबाईंनी दम धरला. जेवढं शांत व्हावं तेवढा उजेड, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. श्वास हळू… आणखी हळू… चूल पुन्हा उजळली. बाई उठली. एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. जाळ तिच्या पाठीशी, म्हणून तोंड अंधारात. ती उंबऱ्याशी आली. तुकडा प्रयागबाईंवरून फिरला आणि बाहेर पडला.

"ये बाय… किती येळ उभी ऱ्हाशील?"

प्रयागबाईंनी उंबरा ओलांडला. आता फक्त तिनं जाळाकडं वळायचं बाकी होतं…

आणि कुणीतरी चष्मा हिसकावला.

"आजी! बोल ना, आजी!" श्रेया पांढरीफटक पडली होती. "ठोके पार खाली गेले होते तुझे…"

"अगं मेले, तोंड दिसणारच होतं की गं!" प्रयागबाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

श्रेयानं पट्टा सोडून खाटेवर टाकला, संगणक बंद करायला वळली, आणि तिथंच थबकली.

पट्टा रिकामा पडला होता. पडद्यावर ठोके चालूच होते, झोपलेल्या लेकराचे असावेत तसे, एका लयीत. घर लख्ख उजळलेलं. चुलीपुढं ती बाई पाठमोरी बसलेली, आणि तिच्यासमोर परकरातली एक एवढुशी पोर, मान वर करून तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"मी माणसं टाकलीच नाहीत, आजी…" श्रेयानं आजीचं मनगट धरलं. नाडीवर बोटं दाबली, जागा बदलली, पुन्हा दाबली.

"ऱ्हाऊ दे गं," प्रयागबाई म्हणाल्या. छातीतली धडधड गेली होती. तिथं आता काहीच नव्हतं. पण त्यांना भीती वाटेना, वाटला तो हेवा. ती पोर पोटभर बघत होती, आणि हितून त्यांना नुसती पाठच दिसत होती.

"त्या पोरीला हाक मार, श्रेये… इचार, आई दिसती कशी?"

पडद्यावरच्या पोरीनं मान वळवली. दोघींकडं बघितलं. मग उठली, दाराशी आली आणि आतून कडी लावून घेतली.

पडदा काळा झाला. ठोके चालूच होते.