रंगकामाचा अर्ज

"भिंत कुठंय?"

दारात उभ्या राहिलेल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला तो हा. बगलेत फाइल, हातात मोजपट्टी, कपाळावर घाम. शिडीवर बसून दुकानाची पाटी रंगवणाऱ्या कुंचलीनं मान न वळवताच विचारलं, "कसली भिंत?"

"रंगवायची. मी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर. तुमचा रंगकामाचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय."

ती शिडीवरून उतरलीच. "अहो, तो अनुदानाचा अर्ज आहे! या भागातल्या कलाकारांच्या चित्रप्रदर्शनासाठी देतात ना, त्या अनुदानाचा!"

"मग कलाप्रकाराच्या रकान्यात 'रंगकाम' कुणी लिहिलं?"

"मी. आमच्या घरात त्याला रंगकामच म्हणतात."

त्यानं ओठ घट्ट मिटले. गालावर खळी उमटली, ती काही मिटेना.

"हसा मोठ्यानं. दाबून ठेवलंत तर पोटात दुखेल."

"हसतोय कुठं? तासभर उन्हात तुमची भिंत शोधतोय..."

आतून बाबांचा आवाज आला, "कुंचले, साहेबांना पाणी दे आधी. भांडण मग कर."

तिला कुंचली हे नाव सगळ्या बाजारानं दिलेलं. बाबा आणि त्यांचे दोन जोडीदार पेंटर, तिघांनी मिळून हा बाजार अक्षरांनी सजवला होता. चपलांच्या दुकानावरचा तिरपा 'च', दवाखान्यावरचा शांत निळा 'द', शिंप्याच्या पाटीवरचा दोऱ्यासारखा वळत गेलेला 'श'. मग फ्लेक्स आला, आणि कुंचले डब्यात निजले. बाबांचा हात आताशा थरथरायचा. त्या हातानं केलेलं एकदा तरी कलादालनात लागावं, लोकांनी थांबून बघावं, एवढाच तिचा ध्यास होता. म्हणून अर्जावर नावं चार: तीन म्हातारे पेंटर आणि ती.

ओव्हरसियरनं अर्ज स्वतः अनुदान विभागात नेऊन दिला. ते सांगायला आला. मग मुलाखतीची तारीख सांगायला आला. मग चित्रं दालनात मावतील का, ते मोजायला आला.

"परवाच मोजली होतीत की."

"परवा लांबी मोजली. उंची राहिली."

"आणि उद्या?"

तो मोजपट्टी गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली, तरी गुंडाळतच राहिला... तिनं चटकन तोंड फिरवलं आणि नसलेला डाग पुसू लागली.

मुलाखतीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या बाकावर बसले. ती आत गेली. दार उघडंच होतं. ओव्हरसियर दाराशी उभा राहिला.

अधिकाऱ्यांनी चित्रांचे फोटो चाळले. "तुमचं काम फार छान आहे. पदविकाही आहे. पण हे तिघं... पाट्या रंगवणारे. ते कलाकार नव्हेत. यांची नावं काढा, 'रंगकाम' खोडून 'दृश्यकला' लिहा. आजच मंजूर करतो." त्यांनी पेन पुढं सरकवलं.

तिनं पेनाकडं पाहिलं. बाहेर बाबा खोकले.

"साहेब, कॉलेजात मला रेघ सुधारायला शिकवली. रेघ मारायला शिकवलं ते बाहेर बसलेल्या माणसानं. नाव काढायचंच, तर माझं काढा."

"मग अनुदान मिळणार नाही."

"नको," ती म्हणाली आणि पेन होतं तिथं परत सरकवलं.

पायऱ्या उतरताना ओव्हरसियर मागून आला. "एक शब्द तर खोडायचा होता! चौघांच्या जागी एकीचं तरी लागलं असतं."

ती थबकली. "तीन माणसं म्हणजे एक शब्द? तुम्हीसुद्धा त्यांच्याच टेबलावरचे निघालात."

बाबांचा हात धरून ती चालू लागली. तो तिथंच राहिला.

आठ दिवस तो तिच्या दाराशी फिरकला नाही. दारात पाऊल वाजलं की तिचा कुंचला अडखळायचा, आणि मग ती स्वतःवरच चिडायची. पण चिडून थांबणाऱ्यातली ती नव्हती. चित्रं दालनात जात नाहीत ना? मग लोकांनाच चित्रांकडं बोलवू. तिन्ही पेंटरांच्या पाट्या तर बाजारात जागच्या जागी टांगलेल्याच होत्या! तिनं दुकानदारांना गाठलं. फ्लेक्स उतरले, खालची जुनी अक्षरं धुतली गेली. प्रत्येक पाटीखाली एक पुठ्ठा लागायचा होता, कुणी रंगवली आणि कधी, ते सांगणारा.

त्या सकाळी ती शिडीवर पुठ्ठा धरून उभी असताना खालून आवाज आला, "डावीकडून दोन बोटं खाली आलाय."

तिनं वळून पाहिलं नाही. "कोण विचारतंय तुम्हाला?"

"कुणी नाही." मग— "चुकलो मी. आठ दिवस रोज या रस्त्यानं जातोय. आधी कधी मान वर केली नव्हती. त्या शिंप्याच्या 'श' खाली काल बस चुकली माझी."

तिनं हसू दाबलं आणि खिळा खाली टाकला. "उचला. आणि शिडी धरा नीट."

त्याच्या मागं त्यानं आणलेल्या खात्याच्या आणखी तीन शिड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

दुपारपर्यंत रस्ता माणसांनी भरला. माना वर, बोटं वर. एका अनोळखी बाईनं दवाखान्याच्या पाटीखाली बाबांनाच विचारलं, "हे कुणी केलंय हो?" बाबांनी थरथरता हात छातीवर ठेवला. "मी." एवढंच. पण आवाज थरथरला नाही.

कुंचलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार," ती म्हणाली. "हीच चार नावं. तोच शब्द. दर वर्षी करणार, त्यांचा कागद संपेपर्यंत."

"मी पोचवीन. योग्य टेबलावर."

"या शिड्यांना परवानगी घेतलीत?"

"नाही."

"मेमो येईल."

"येऊ दे."

"कशासाठी एवढं... ओव्हरसियरसाहेब?"

तो तिच्याकडं पाहत राहिला. या वेळी हातात गुंडाळायला काही नव्हतं. "तुमच्यासाठी," तो कसाबसा म्हणाला.

"तुमच्यासाठी काय?" तिनं रंगानं माखलेला हात भर बाजारात त्याच्या हातात दिला. "तुझ्यासाठी म्हण."