बैलांचं मीठ

पूर्वी इतोइगावाच्या किनाऱ्यावरून मात्सुमोतोपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ जायचं. त्या जुन्या वाटेचा हायवेनं माग काढत जायचं, ही माझीच हौस. माझी बायको नयना हिला रजा मिळाली नाही, म्हणून फुनाबोरीच्या घरून आम्ही तिघंच निघालो: मी, पुण्याहून आलेली माझी आई आणि पाच वर्षांची लेक ओजस्वी.

आईची टकळी चालू होती. मागच्या सीटवरून तिनं उजवा तळवा माझ्यापुढे नाचवला. "बघ, आयुष्यरेषा थेट मनगटापर्यंत! तुझ्या ड्रायव्हिंगनंसुद्धा मला काही व्हायचं नाही."

ओजस्वीला गाडी लागली, म्हणून एका वळणावर थांबलो. तिथे बैल कोरलेला दगड होता, वाटेत मेलेल्या बैलांसाठी कुणी उभारलेला. पुढ्यात बशीत मिठाची ढिगुली. पोर ओकून ओकून मलूल झाली होती.

"दृष्ट लागलीय. हॉटेलातल्या त्या जपानी बायका कशा 'कावाई, कावाई' म्हणत तिचं कौतुक करत होत्या!" आईनं बशीतलं सगळं मीठ मुठीत घेतलं, पोरीवरून उतरवलं आणि ओढ्यात टाकलं.

"आई! ते बैलांचं आहे."

"मेलेले बैल काय करणार रे मिठाचं? मीठच आहे, सोनं नाही."

मी वैतागलो, पण ओजस्वी खरंच हसायला लागली. मी गाडी सुरू केली.

पुढच्या बोगद्यात मागून घंटा ऐकू यायला लागली. संथ, एका लयीत. आरशात रस्ता मोकळा होता. डिकीत काहीतरी सैल झालं असेल, म्हणून बोगद्याबाहेर गाडी कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. डिकीत सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात दरीतून धुकं चढलं.

परत आलो, तर ओजस्वीचा पट्टा लावलेलाच होता. सीट रिकामी होती.

"आत्ता इथे होती रे!" शेजारी बसलेली आई म्हणाली.

मी हाका मारत सुटलो. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला दरी. नयनाला काय तोंड दाखवू?

घंटा थांबली. अगदी जवळ.

आई उतरली. चपला काढल्या. उजवा हात धुक्यात पुढे केला.

"मीठ मी घेतलं," ती म्हणाली. मराठीतच. "हा हात माझा. पोरीला सोडा."

कुणीतरी मोठा, ओला श्वास सोडला.

मग घंटा दूर दूर गेली.

"बाबा, ओनाका सुइता!" माझ्या पाठीमागून ओजस्वी म्हणाली. भूक लागली होती तिला!

तिला उराशी धरून मी रस्त्याच्या कडेलाच ढसाढसा रडलो. जीव भांड्यात पडला. पहिल्या दिसलेल्या कोंबिनीच्या दुकानात भाताच्या ओनिगिरी घेतल्या. ओजस्वीनं दोन संपवल्या, तिसरीवरून माझ्याशी भांडली. पट्ट्यातून निसटली असेल, धुक्यात दिसली नसेल, असं मी मनाशी जुळवून टाकलं. पोर हसतेय, आणखी काय हवं?

आई मात्र डाव्या हातानं खात होती. डाव्या हातानं घास घेतला म्हणून लहानपणी मला फटके देणारी आई.

"हात दुखतोय का गं?"

"पोर मिळाली ना? झालं तर मग."

मात्सुमोतो जवळ आलं तेव्हा तिचा डोळा लागला होता. मांडीवरची उजवी मूठ हळूहळू उघडली. तळवा लालसर, ओला होता आणि त्यावर एकही रेषा नव्हती.