आयुधपूजेच्या रात्रीचा पेन ड्राइव्ह

अर्णव, तो मोबाइल उलटा ठेव. ईरा, तू हसू नकोस, आधी तुझीच बोबडी वळणार आहे. माझ्या मित्रावर, नागराजवर गुदरलेली गोष्ट आहे ही. शिवाजीनगरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो, निपाणीकडचा. थापा मारणाऱ्यांतला नाही. असता तर मीच त्याला कधीचा उघडा पाडला असता.

गेल्या वर्षीची आयुधपूजेची रात्र, म्हणजे आपली खंडेनवमी. इथं कानडी मुलखात त्या दिवशी हत्यारांना कुंकू लावतात, झेंडू वाहतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. नागराजनेही आपली पेटी पुजून दुकान बंद केलं होतं. तेवढ्यात बसवनगुडीतून हेमलताबाईंचा फोन. त्यांचे यजमान अरविंदराव, सरकारी कारखान्यातले इंजिनियर, वर्षापूर्वी गेले. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. नवा माइक तपासताना केलेलं रेकॉर्डिंग: "हेमा, ऐकू येतंय का?" बस, एवढंच. पुढे काही नाही. बाई रोज रात्री ते ऐकायच्या. आणि आता डिस्क कटकट वाजायला लागली होती. सकाळपर्यंत टिकेल की नाही, भरवसा नव्हता.

नागराजला नाही म्हणवेना. गेला हात हलवत.

"अक्का, माझी हत्यारं पूजेत आहेत की. स्क्रूड्रायव्हर आहे काय घरात?"

"ह्यांचा आहे. पण ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत हो," बाई म्हणाल्या, तरी दिला. मग भाताचा कूकर लावायला आत गेल्या.

त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, डिस्कची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. कॉम्प्युटरला डिस्क दिसली. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवलं, पेन ड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकला. काम फत्ते. तेवढ्यात आवाज झाला... टुंग. काही नवं जोडलं की वाजतं ना, तसा. पडद्यावर अक्षरं आली: अनोळखी उपकरण जोडले गेले आहे.

काहीच जोडलेलं नव्हतं.

त्याची पद्धत अशी, एकेक वस्तू काढत जायचं. जी काढल्यावर चूक थांबेल ती बिघडलेली. प्रिंटर काढला. टुंग. कॅमेरा काढला. टुंग. माइक काढला. मग स्पीकरही काढले. आता आवाज येणार कुठून?

टुंग.

दिवा कशाला लावतेस, ईरा? बस खाली.

त्याने सरळ भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा. आतला पंखा थांबला. सगळं शांत...

आणि त्याच्या कानाशी...

"हेमा... ऐकू येतंय का?"

आणि स्वयंपाकघरातून बाई, रोजच्यासारख्या, अगदी सहज...

"हो, येतंय."

कूकरची शिट्टी झाली. हा पळाला. चपलासुद्धा तिथेच राहिल्या.

सकाळी मला सोबत घेऊन गेला, एकट्याची छाती होईना. डिस्क पार गेली होती. बाई पदराने डोळे पुसत होत्या. पेन ड्राइव्ह रात्रभर ह्याच्या खिशातच होता. तो माझ्या लॅपटॉपला लावला.

"हेमा, ऐकू येतंय का?"

बाईंना रडू कोसळलं. आवाज वाचला होता. मी बंद करायला हात पुढे केला, तर रेकॉर्डिंग अजून संपलंच नव्हतं. थोडी शांतता... मग लांबून बाईंचाच आवाज.

"हो, येतंय."

आणि मागे कूकरची शिट्टी.